पायाचं दुखणं आणि परदेशाची वाट



मराठी भाषेनं पायाला मोठा मान दिला आहे. आपण थोरामोठ्यांच्या पाया पडतो, नव्या घरात पाऊल टाकतो, मुलगा कमावता झाला की तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला असं म्हणतो. हा मान प्रत्यक्षातल्या पायाच्या वाट्याला मात्र येत नाही. छातीत जरा कळ आली की माणूस घाबरून डॉक्टरकडे धावतो. पाय दुखला तर तेल चोळतो, नातवंडांना पाय तुडवायला सांगतो आणि 'आता वय झालं' म्हणून मोकळा होतो. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, तो नेमका या मोकळं होण्याच्या काळातच वाढत जातो.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा आजार आमच्या घरात आला आणि त्याच्या उपचारासाठी परदेशी जायचं की नाही, यावर घरात महिनाभर खल झाला. त्या निमित्तानं जे विचारलं, वाचलं आणि डोळ्यांनी पाहिलं ते आपल्यापुढे ठेवतो.

हृदयाकडून रक्त घेऊन निघते ती धमनी आणि परत आणते ती शीर. पायावर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या दिसतात त्या शिरा. त्यांचं दुखणं वेगळं. मी बोलतो आहे ते पायाच्या धमन्या आतून अरुंद होण्याबद्दल. विहिरीच्या पाइपात जसा क्षार बसतो, तसा धमनीच्या भिंतीत चरबीचा आणि चुन्याचा थर बसत जातो. बसल्या जागी पायाला रक्त थोडं लागतं, तेवढं पुरतं. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू जास्त रक्त मागतात, ते मिळत नाही आणि पोटरीत गोळा येतो. थांबलं की दोन-चार मिनिटांत दुखणं जातं. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतं. तंबाखू आणि मधुमेह ही याची दोन मोठी कारणं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्यांच्या जोडीला असतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली आलेल्या अंदाजानुसार २०१० मध्ये जगभरात असे सुमारे २० कोटी रुग्ण होते.

आमचे थोरले बंधू, म्हणजे भाईजान, २६ वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवत होते. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुसलमान घरांत हे नवीन नाही. कोणी कुवेतला, कोणी कतारला, कोणी सौदीला. भाईजानना दिवसाला एक पाकीट सिगारेट लागायची आणि पन्नाशीत साखर निघाली. शेवटच्या दोन वर्षांत दीडशे पावलं चालले की उजवी पोटरी धरायची. तिथल्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं की हे कंबरेतल्या नसेचं दुखणं आहे. वर्षभर ते त्याच्या गोळ्या घेत राहिले.

कंबरेच्या मणक्यामुळेही चालताना पाय दुखतो. फरक साधारणपणे असा, की मणक्याचं दुखणं असेल तर माणसाला बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, तेव्हा बरं वाटतं. धमनीचं असेल तर नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. भाईजान रस्त्यात उभे राहायचे, दुकानाच्या पाट्या वाचायचे आणि पुढे निघायचे. इंग्रज लोक या आजाराला दुकानांच्या काचा पाहण्याचा आजार म्हणतात, हे मला नंतर कळलं.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये ते कायमचे घरी आले आणि आम्ही त्यांना मुंबईला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी काय केलं, तर बूट-मोजे काढायला सांगितले. दोन्ही पावलांवर आणि घोट्यामागे बोटं ठेवून नाडी पाहिली. उजवीकडे ती लागेना. मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला, घोट्याजवळ बांधला आणि दोन आकडे घेतले. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं. उत्तर एकच्या आसपास असावं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनीचा आजार समजतात. भाईजानचं आलं ०.५५. या तपासणीत सुई नाही, कापाकापी नाही. मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर हा आकडा फसवतो, तेव्हा अंगठ्याचा दाब घेतात, एवढंच ध्यानात ठेवायचं.

गावी परतलो आणि घरात बैठक बसली. माझा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. तो फोनवर म्हणाला, "चाचा, तुम्ही अब्बांना इकडे पाठवा. इथले डॉक्टर बघतील." एका मेहुण्यांनी सिंगापूरचं नाव काढलं. ओळखीतून एक मध्यस्थ आला. तो म्हणाला, परदेशात सलाइनमधून औषध सोडून सगळ्या धमन्या धुऊन देतात, कापायची गरजच नाही. आकडा त्यानं सांगितला तो असा होता, की आमची खाडीकडची कलमांची बाग विकावी लागली असती. वडिलांनी कावडीनं पाणी घालून जगवलेली झाडं ती. भाभी एका कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाग गेली तरी चालेल. पण पाय राहील का, ते आधी नक्की विचारा."

भाभींचा प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फ्रान्सच्या रेने फोंतेन या सर्जनांनी १९५४ साली केलेल्या चार पायऱ्या समजावल्या. पहिलीत आजार असतो, पण त्रास नसतो. दुसरीत चालताना दुखतं. तिसरीत बसल्या जागी, रात्री अंथरुणात पाय ठणकतो आणि खाटेवरून खाली लोंबता सोडला की जरा बरं वाटतं. चौथीत जखम होते, ती भरत नाही, बोट काळं पडतं. भाईजान दुसऱ्या पायरीवर होते. डॉक्टर म्हणाले, "काका, या पायरीवरच्या बहुतेकांचा पाय जात नाही. मला जास्त काळजी तुमच्या हृदयाची आणि मेंदूची आहे. धमनी पायात बुजली, म्हणजे ती तिकडेही बुजत असणार. सिगारेट आजपासून बंद. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि साखर ताब्यात. आणि चालायचं."

चालणं दुखतं म्हणून आलेल्या माणसाला चालायला सांगितलं, तेव्हा भाईजान माझ्याकडे पाहतच राहिले. पण जगभर या पायरीवरचा पहिला उपचार हाच आहे. आठवड्यातून निदान तीन दिवस, दर वेळी ३० ते ४५ मिनिटं, कमीत कमी १२ आठवडे. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतात, आजूबाजूच्या लहान धमन्याही मदतीला येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. यासाठी पासपोर्ट लागत नाही. आमच्या घरापासून मशिदीपर्यंतचा चढ पुरला. आधी भाईजान त्या चढावर तीनदा थांबायचे. तीन महिन्यांनी न थांबता वर जाऊ लागले. सिगारेट सोडणं मात्र चढापेक्षा कठीण गेलं. त्या काळात घरातल्या सगळ्यांनी त्यांची बोलणी खाल्ली.

आता परदेशाविषयी. या आजाराचा इतिहास वाचताना मला एक राजा भेटला. इंग्लंडचे सहावे जॉर्ज, हिंदुस्थानचे शेवटचे बादशहा. सिगारेटचं भारी व्यसन. १९४८ साली त्यांच्या पायांचं रक्त अडलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा ठरलेला दौरा रद्द करावा लागला. १२ मार्च १९४९ रोजी एडिंबरोचे प्राध्यापक जेम्स लर्मंथ यांनी खुद्द बकिंगहॅम राजवाड्यात शस्त्रक्रिया करून कंबरेजवळचे मज्जातंतू कापले, म्हणजे पायाच्या धमन्या थोड्या सैल व्हाव्यात. वय अवघं ५३. पाय वाचले, पण तंबाखूनं पुढे फुप्फुस घेतलं आणि १९५२ च्या फेब्रुवारीत राजे गेले. ज्या वर्षी त्यांचे पाय दुखू लागले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ क्युनलँ या सर्जननं रुग्णाच्याच पायातली शीर घेऊन बुजलेल्या धमनीला बगल देणारी वाट तयार केली होती. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी नळी घालून आतून रुंद केली. बाईंनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला होता. पुढे त्या आपल्या पायांवर चालल्या. १९७४ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी फुग्याची नळी वापरली तीही आधी पायातच. हृदयाची पाळी १९७७ साली आली. आज घरोघरी ज्या अँजिओप्लास्टीचं नाव माहीत आहे, ती पायाकडून हृदयाकडे गेलेली आहे.

हे सगळे शोध परदेशातले, हे खरं. पण ते तिथेच थांबले नाहीत. राजाला राजवाड्यात जे मिळू शकलं नाही, ते बायपासचं आणि फुग्याचं काम आज मुंबई, पुणे, वेल्लोर, तिरुवनंतपुरम इथे नेहमी होतं. म्हणूनच परदेशी लोक आपल्याकडे येतात. वैद्यकीय कारणासाठी भारत सरकार वेगळा व्हिसा देतं आणि त्यावर दोन जवळच्या माणसांना सोबत येता येतं. आमच्या चकरांमध्ये ओमानहून वडिलांना घेऊन आलेला एक मुलगा भेटला. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. वडिलांच्या मांडीतल्या धमनीत आदल्या वर्षी इथेच स्टेंट घातला होता, तो पुन्हा अरुंद झाला होता. तो मला म्हणाला, "ऑपरेशन अच्छा हुआ था. लेकिन बाद में देखनेवाला दूर था." मला त्याचं ते वाक्य फार महत्त्वाचं वाटतं.

कारण हा आजार एकदा उपचार करून संपणारा नाही. फुगा, स्टेंट किंवा बायपास यानंतर पहिल्या वर्षात दोन-तीनदा आणि पुढेही ठरावीक काळानं रक्तप्रवाह तपासावा लागतो. धमनी पुन्हा अरुंद होऊ लागली असेल तर वेळीच कळायला हवं. ज्यानं नळी घातली तो डॉक्टर चार हजार मैलांवर आणि कागद दुसऱ्या भाषेत असले, तर ही तपासणी मागे पडते. इंग्लंडचं म्हणाल तर तिथला कायम रहिवासी नसलेल्या पाहुण्याकडून सरकारी आरोग्यसेवा ठरलेल्या दराच्या दीडपट पैसे घेते आणि तातडीचा नसलेला उपचार असेल तर २०१७ पासून ते आधी भरावे लागतात. मुलगा तिथे राहतो एवढ्यानं बापाला मोफत उपचार मिळत नाही. पुतण्यालाही हे चौकशी केल्यावरच कळलं.

आणि धमन्या धुण्याविषयी. मध्यस्थ ज्याचं वर्णन करत होता त्याला चिलेशन म्हणतात. पायाच्या या आजारात त्याचा उपयोग होत नाही, असं अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. जो उपचार देशात कोणी जबाबदार डॉक्टर सुचवत नाही आणि परदेशातला एजंट मात्र हमी देऊन सुचवतो, त्याच्यासाठी झाडं विकू नयेत. आमची बाग राहिली.

आता या सगळ्याचा हिशेब मांडतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीला परदेशाची गरज नाही. तिथे औषध, चालणं आणि तंबाखू सोडणं हाच मुख्य उपचार. तिसऱ्या-चौथ्या पायरीला परदेशाची वाट पाहायला सवड नसते. व्हिसा, तिकीट, पैसे यात महिना गेला तर जखम वर चढते. आणि एक प्रकार असा आहे की त्यात महिनाच काय, दिवसही हातात नसतो.

२०११ साली हर्णै बंदरातल्या एका ओळखीच्या खलाशाच्या बाबतीत तो मी पाहिला. पहाटे एकाएकी त्याचा पाय ठणकू लागला, पांढरा पडला, गार झाला. बोटं हलेनात. लोक म्हणाले शीर चढली आहे. शेक दिला, चोळलं. खरं तर रक्ताची गुठळी धमनीत अडकली होती. अशा वेळी रक्त पुन्हा सुरू करायला साधारण सहा तास असतात. पुढे स्नायू मरू लागतात. दापोलीहून मुंबई दोनशेहून जास्त किलोमीटर. तो दुसऱ्या दिवशी पोचला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्याचं वय चाळिशीच्या आत होतं आणि घरी दोन मुलं होती. त्याच्यासाठी मुंबई हाच परदेश होता. आमच्या घरात इंग्लंड की सिंगापूर हा वाद चालू असताना मला सारखा तो आठवत होता. आपल्या जिल्ह्याच्या गावी गुठळी ओळखणारा डॉक्टर आणि ती काढणारा सर्जन असणं, हे कोकणातल्या माणसाला लंडनपेक्षा जास्त गरजेचं आहे. मागायचं तर आपण ते मागायला हवं.

मग परदेशी कोणी जाऊच नये का? तसं नाही. एखादी गुंतागुंतीची केस असते, इथल्या डॉक्टरांनीच अमुक ठिकाणचं नाव सुचवलेलं असतं, नातेवाईक तिथे आहेत, पुढच्या तपासण्यांचीही सोय आहे. अशानं जरूर जावं. पण आधी अँजिओग्राफीची चित्रं पाठवून तिथल्या डॉक्टरांचं लेखी मत मागवावं. तीन प्रश्न विचारावेत. तिथे नेमकं काय करणार, जे इथे होत नाही? नंतर तपासणार कोण? आणि पहिला उपाय फसला तर दुसऱ्या खेपेचे पैसे आहेत का? शस्त्रक्रियेनंतर विमानात कधी बसायचं, तेही सर्जनना विचारूनच ठरवावं. इथे उपचार घेणाऱ्यांनी आपला आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं.

विडीबद्दल एक शब्द. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्जर यांनी एका आजाराचं वर्णन केलं. त्यात चाळिशी-पंचेचाळिशीच्या आतल्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांच्या हातापायांच्या बारीक धमन्या सुजतात आणि बुजतात. आपल्या देशात विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत हा आजार दिसतो. त्यात तंबाखू पूर्ण सोडणं हाच पाय वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. दिवसाला एक-दोन विड्याही चालत नाहीत. जगातला कोणताही सर्जन ओढत राहणाऱ्याचा पाय फार काळ राखू शकत नाही.

भाईजानचं पुढे काय झालं, हे आपण विचाराल. २०१९ च्या जानेवारीत ते उमऱ्याला गेले. सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या असतात, तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. चार फेऱ्या पायांनी केल्या, तीन चाकांच्या खुर्चीत. धर्माला ते चालतं. २०२२ मध्ये नव्या चपलेनं अंगठ्याशेजारचं बोट लागलं आणि जखम भरेना. या वेळी घरात बैठक बसली नाही. त्याच रात्री मुंबईची गाडी धरली. मांडीतली धमनी फुग्यानं उघडली, एक बोट मात्र काढावं लागलं. पाय आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी आहे आणि चढावरचं चालणंही आहे.

त्या जखमेचा शोध लागला तो वजू करताना. नमाजाआधी दिवसातून पाच वेळा पाय घोट्यापर्यंत धुतले जातात. मधुमेहानं पाय बधिर झालेला असला तर जखम दुखत नाही, ती डोळ्यांनीच पाहावी लागते. आपण देवळात जाताना पाय धुता, शेतावरून आल्यावर पडवीत पाय धुता. श्रोतेहो, पाय धुताना एकदा खाली वाकून पाहत चला. तळवा, टाचेची भेग, बोटांमधली जागा. घरातल्या ज्या म्हाताऱ्यांना वाकता येत नाही, त्यांचे पाय आपण पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागला, ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी धरू लागली, आठ दिवसांत जखम सुकली नाही, तर डॉक्टरांकडे जा आणि त्यांना म्हणा, 'पावलावरची नाडी बघा.' त्या तपासणीला एक मिनिट लागतं.